गोल्फचा चेंडू: त्याच्या खळ्या, त्याचा इतिहास आणि आपल्याला जमेल तो चेंडू कसा निवडायचा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुण्यात शनिवार-रविवारी पहाटे गोल्फ खेळायचं वेड मला बऱ्याच वर्षांपासून आहे. नवीन खेळायला लागलेली मंडळी ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची काठी) कुठला घ्यावा यावर तासभर बोलतात, पण चेंडूचा विषय निघाला की "कुठलाही चालेल" म्हणून मोकळी होतात. मला हे मनापासून पटत नाही. नियमाप्रमाणे बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब, म्हणजे मारायच्या काठ्या, ठेवता येतात आणि त्यातला एकेक क्लब आळीपाळीने बाहेर येतो. चेंडू मात्र पहिल्या टीपासून (सुरुवातीच्या जागेपासून) शेवटच्या पटपर्यंत (चेंडू होलमध्ये घरंगळत नेणाऱ्या फटक्यापर्यंत) प्रत्येक फटक्यात असतो. मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहे.

गोल्फच्या चेंडूवर खळ्या कशासाठी असतात?

हवा कापत लांब जाता यावं म्हणून. गुळगुळीत चेंडू जास्त लांब जाईल असं आपल्याला वाटतं, पण होतं नेमकं उलट. त्याच जोराने मारलेला अगदी गुळगुळीत चेंडू खळ्यांच्या चेंडूच्या साधारण निम्म्या अंतरावरच पडतो.

चेंडू हवेतून जातो तेव्हा हवेचा एक पातळ थर त्याच्या अंगाला चिकटून वाहत असतो. गुळगुळीत चेंडूवर हा थर शांतपणे वाहतो, पण लवकर सुटतो. मग चेंडूच्या पाठीमागे कमी दाबाचा मोठा पट्टा तयार होतो आणि तो चेंडूला मागे ओढतो. खळ्यांमुळे तो थर खळबळतो. खळबळलेल्या थरात जोर जास्त असतो, म्हणून तो चेंडूच्या पाठीपर्यंत चिकटून राहतो. मागचा पट्टा अरुंद होतो आणि ओढ जवळजवळ निम्म्यावर येते. एवढा फरक पाडणाऱ्या या खळ्यांची खोली जेमतेम पाव मिलिमीटर असते.

क्रिकेट पाहणाऱ्यांना हे लगेच समजेल. श्रीरामपूरचा झहीर खान नव्या चेंडूची शिवण तिरकी धरून टाकायचा तेव्हा शिवणीच्या बाजूची हवा खळबळायची आणि उशिरा सुटायची, दुसऱ्या बाजूची आधी सुटायची. दोन बाजूंमधल्या या फरकातून स्विंग मिळतो. गोल्फच्या चेंडूवर हीच खळबळ चहूबाजूंनी सारखी असते, त्यामुळे खळ्यांनी चेंडू बाजूला वळत नाही, फक्त ओढ कमी होते.

खळ्या किती असतात? जास्त खळ्या म्हणजे चांगला चेंडू का?

बहुतेक चेंडूंवर ३०० ते ४०० खळ्या असतात. नियमात आकड्याचं बंधन नाही. टायटलिस्ट कंपनीच्या प्रो व्ही१ या चेंडूवर २०२१ पासून ३८८ खळ्या आहेत आणि प्रो व्ही१एक्स वर ३४८. दोन्ही अव्वल दर्जाचे आहेत. खोली, कडेचा उतार आणि मांडणी यांना आकड्यापेक्षा जास्त महत्त्व आहे. डब्यावरचा आकडा बघून चेंडू घेऊ नका.

मग चेंडू वर कशामुळे राहतो?

उलट्या फिरकीमुळे. क्लबचं तोंड मागे कललेलं असतं, त्यामुळे फटका बसताच चेंडू मागच्या बाजूला फिरत निघतो. चेंडू आणि क्लब यांची गाठ अर्ध्या मिलिसेकंदाइतकीच पडते, पण तेवढ्यात ड्रायव्हरने मिनिटाला साधारण अडीच ते तीन हजार फेरे मिळतात आणि चांगल्या वेजच्या (जवळून उंच मारायच्या क्लबच्या) फटक्याला नऊ-दहा हजार. फिरता चेंडू हवेला खाली ढकलतो, हवा त्याला वर उचलते.

हे कोडं सोडवण्याचं मोठं काम एडिनबरोचे पदार्थवैज्ञानिक पीटर गथ्री टेट यांनी १८९० च्या दशकात केलं. त्यांच्या घरातच गोल्फ होता. त्यांचा मुलगा फ्रेडी टेट १८९६ आणि १८९८ मध्ये ब्रिटिश अमॅच्युअर स्पर्धा जिंकला आणि १९०० मध्ये बोअर युद्धात मारला गेला. इलेक्ट्रॉनचा शोध लावणाऱ्या जे. जे. थॉमसन यांनीही पुढे १९१० मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये गोल्फच्या चेंडूच्या गतीवर व्याख्यान दिलं.

फिरकीचा अक्ष एका बाजूला कलला की चेंडूही त्या बाजूला वळतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू असा उजवीकडे वळला, की आपण ज्याला स्लाइस म्हणून शिव्या देतो तो हाच.

सुरुवातीचे चेंडू कसले होते?

ज्याबद्दल आपल्याला भरपूर माहिती आहे तो स्कॉटलंडचा पिसांचा चेंडू, 'फेदरी'. चामड्याचे तुकडे शिवून पिशवी करायची, ती उलटायची, आणि लहान भोकातून उकळलेली ओली पिसं सळईने ठासत राहायचं. एका चेंडूत उंच टोपीभर पिसं जायची असं सांगतात. मग भोक शिवून चेंडू वाळत ठेवायचा. वाळताना चामडं आक्रसतं आणि पिसं फुगतात, त्यामुळे चेंडू दगडासारखा टणक होतो.

हे काम छातीवर जोर देऊन करावं लागे आणि पिसांची धूळ फुप्फुसात जाई. कसलेला कारागीर दिवसाला तीन-चार चेंडू करायचा. म्हणून चेंडू महाग होता आणि गोल्फ पैसेवाल्यांपुरता राहिला. पावसात चामडं भिजून शिवण उसवायची, लोखंडी क्लबचा घाव चुकीचा बसला तर चेंडू फाटायचा.

तरी हा चेंडू कमी पल्ल्याचा नव्हता. १८३६ मध्ये सॅम्युअल मेसिए यांनी सेंट अँड्र्यूजला ३६१ यार्डांचा फटका मारल्याची नोंद आहे. हे गृहस्थ तिथल्या मद्रास कॉलेजात फ्रेंच शिकवायचे. स्कॉटलंडमधल्या शाळेला मद्रासचं नाव कसं, तर तिचे संस्थापक अँड्र्यू बेल यांनी मोठ्या मुलांकडून लहान मुलांना शिकवून घेण्याची पद्धत मद्रासमध्ये असताना बसवली होती.

विष्णूच्या मूर्तीची गोष्ट खरी आहे का?

ती आख्यायिका म्हणूनच ऐकावी, पण आहे मोठी गोड. पूर्वेकडून एक विष्णूची मूर्ती सेंट अँड्र्यूजच्या पॅटरसन कुटुंबाकडे आली. मूर्तीला धक्का लागू नये म्हणून पेटीत गटापर्चाचे तुकडे भरले होते. घरातल्या रॉबर्ट पॅटरसनने ते गरम करून, वळून त्यांचा चेंडू केला, अशी ही गोष्ट. पक्कं एवढंच, की १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू खेळात आला आणि पिसांचा चेंडू काही वर्षांतच मागे पडला.

गटापर्चा म्हणजे मलायाकडच्या एका झाडाचा चीक. गरम पाण्यात मऊ होतो, गार झाला की घट्ट. समुद्राखालून टाकलेल्या तारांवर त्याचंच आवरण असायचं. १८७० मध्ये मुंबईपर्यंत आलेल्या तारेवरही तेच होतं. आणि तुमची कधी रूट कॅनॉल झाली असेल, तर दाताच्या पोकळीत डॉक्टरांनी बहुधा गटापर्चाच भरला असेल. मला हे कळलं ते दंतवैद्याच्या खुर्चीत. त्यांनी चिमट्यात धरलेली गुलाबी, सुईसारखी काडी दाखवली आणि नाव सांगितलं. तोंड उघडं असल्यामुळे बोलता येत नव्हतं, पण सबंध वेळ माझ्या डोळ्यांपुढे सेंट अँड्र्यूज होतं.

'गट्टी' चेंडू स्वस्त होता, पाण्याला दाद देत नसे, आणि चेपला तर गरम पाण्यात टाकून पुन्हा वळता येई. गोल्फ सामान्य माणसाच्या हातात आला तो या चेंडूमुळे. त्यापायी भांडणंही झाली. सेंट अँड्र्यूजचा नामांकित चेंडूवाला अ‍ॅलन रॉबर्टसन याला आपला पिसांचा धंदा बुडेल अशी भीती होती. त्याच्या हाताखालचा टॉम मॉरिस गट्टीने खेळताना सापडला आणि दोघांचं फाटलं. १८५१ मध्ये मॉरिस प्रेस्टविकला गेला. पुढे 'ओल्ड टॉम' म्हणून गोल्फच्या इतिहासात अमर झाला तो हाच.

खळ्यांची कल्पना कुणाच्या डोक्यात आली?

एका माणसाच्या डोक्यातून ती निघाली नाही, आणि मला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. नवी कोरी गट्टी गुळगुळीत होती आणि हवेत डुबकी मारल्यासारखी खाली यायची. काही फटके खाऊन, ओरखडे पडून जुनी झाली की मात्र छान उडायची. खेळणाऱ्यांच्या आणि कॅडींच्या (बॅगा वाहणाऱ्या मदतनीसांच्या) हे लक्षात आलं. मग कारागीर नव्या चेंडूवर हातोडीने मुद्दाम खाचा पाडू लागले. पुढे साच्यातूनच नक्षी काढू लागले. त्यातली 'ब्रॅम्बल' नक्षी तुतीच्या फळासारखी, बारीक उंचवट्यांची होती. हवेचा थर, खळबळ, ओढ हे शब्द कुणाच्या गावीही नसताना हे सगळं झालं.

१९०५ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरच्या विल्यम टेलर यांनी ब्रॅम्बल उलटा केला. उंचवट्यांच्या जागी खळगे काढले आणि त्याचं पेटंट घेतलं. हे टेलर भिंगं बनवणाऱ्या टेलर, टेलर अँड हॉब्सन या कंपनीचे. सिनेमावाल्यांना ठाऊक असलेली कुक भिंगं तिथेच तयार व्हायची.

रबर कधी आलं?

१८९८ मध्ये. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात कोबर्न हॅस्केल अ‍ॅक्रनच्या बी. एफ. गुडरिच कारखान्यात मित्राची वाट पाहत बसला होता आणि हाताशी असलेला रबराचा धागा गुंडाळता गुंडाळता त्याला कल्पना सुचली, असं सांगतात. गाभ्याभोवती ताणलेला रबराचा धागा आणि वर गटापर्चाचं कवच. पुढच्या वर्षी पेटंट मिळालं. १९०१ मध्ये वॉल्टर ट्रॅव्हिसने हा चेंडू वापरून यूएस अमॅच्युअर जिंकली, आणि १९०२ मध्ये हॉयलेकला सँडी हर्डने ब्रिटिश ओपन जिंकली. त्यानंतर गट्टीचे दिवस भरले.

गुंडाळलेला चेंडू जवळजवळ शंभर वर्षं टिकला. त्याची एक खोड होती. गाभा नेमका मध्यावर बसेलच याची खात्री नसायची. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला मॅसॅच्युसेट्समधल्या रबर कारखान्याचे मालक फिल यंग यांचा एक सोपा पट हुकला. त्यांनी चेंडू रुग्णालयातल्या क्ष-किरण यंत्राखाली धरले, तेव्हा कित्येकांचे गाभे सरकलेले दिसले. त्या हुकलेल्या पटमधून १९३५ मध्ये टायटलिस्टचा चेंडू बाजारात आला.

माझ्या चेंडूचा तोल बरोबर आहे का, हे घरी तपासता येतं?

येतं, आणि घरातली मुलं हे फार आवडीने बघतात. गोल्फचा चेंडू साध्या पाण्यात बुडतो. पेलाभर पाण्यात तीन मोठे चमचे मीठ शिगोशीग घालून ढवळा, बुडत असेल तर अजून थोडं घाला. एका क्षणी चेंडू हळूच वर येतो आणि तरंगतो. वर आलेल्या जागी पेनने ठिपका द्या, बोटाने गरकन फिरवा आणि स्थिर होऊ द्या. पाच-सहा वेळा करूनही तोच ठिपका वर येत असेल तर चेंडूचा खालचा भाग जड आहे.

आजचे नामांकित कंपन्यांचे चेंडू या परीक्षेत सहसा छान पास होतात. त्यामुळे प्रत्येक डझन मिठाच्या पाण्यात घालायची गरज नाही. फार स्वस्तात मिळालेल्या अनोळखी चेंडूला मात्र जरूर घाला.

आजच्या चेंडूच्या आत काय असतं?

गाभा पॉलिब्युटाडाइन नावाच्या कृत्रिम रबराचा. त्यावर एकच कवच असेल तर तो टू-पीस चेंडू. मधे आणखी थर असतील तर थ्री-पीस, फोर-पीस आणि काही चेंडूंत पाच थरसुद्धा.

खरा फरक कवचात आहे. आयोनोमरचं कवच (सर्लिन हे त्यातलं प्रसिद्ध नाव) चिवट, टिकाऊ आणि थोडं निसरडं. युरेथेनचं कवच मऊ. वेजच्या तोंडावरच्या खाचा त्यात रुततात आणि चेंडूला जास्त फिरकी मिळते. दुकानात एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा: "याचं कवर युरेथेन आहे का?"

एक कळकळीची सूचना. आत काय आहे ते बघायला जुना, धागा गुंडाळलेला चेंडू कधीही कापू नका आणि मुलांना कापू देऊ नका. त्यातल्या काहींच्या गाभ्यात दाबाखाली भरलेला द्रव किंवा लगदा असायचा. तो उडून मुलांच्या डोळ्यांना इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

२००० साली असं काय घडलं की सगळे चेंडू बदलले?

तोवर बहुतेक मोठे व्यावसायिक गुंडाळलेल्या चेंडूने खेळायचे, कारण ग्रीनजवळ (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताजवळ) तोच ऐकायचा. भरीव गाभ्याचे चेंडू लांब जायचे, पण थांबायचे नाहीत. मे २००० मध्ये टायगर वुड्सने नायकेचा भरीव गाभ्याचा चेंडू हातात घेतला आणि जूनमध्ये पेबल बीचला यूएस ओपन १५ फटक्यांच्या फरकाने जिंकली. ऑक्टोबरमध्ये लास वेगासच्या स्पर्धेत टायटलिस्टचा प्रो व्ही१ पहिल्यांदा आला आणि त्या एका आठवड्यात ४७ खेळाडूंनी तो उचलला. भरीव गाभा आणि युरेथेन कवच एकत्र आल्यामुळे लांबी आणि ताबा दोन्ही एकाच चेंडूत मिळाले. गुंडाळलेला चेंडू त्यानंतर पार नाहीसा झाला.

चेंडूचं वजन आणि आकार नियमात ठरलेले आहेत का?

वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको, व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको. म्हणजे चेंडू हलका किंवा मोठा चालतो, जड किंवा लहान नाही.

पूर्वी दोन मापं होती. अमेरिकेत १.६८ इंचांचा, तर आर अँड ए (गोल्फचे नियम ठरवणारी ब्रिटनमधली संस्था) च्या नियमांखालच्या देशांत १.६२ इंचांचा 'ब्रिटिश बॉल'. लहान चेंडू वाऱ्यात चांगला घुसायचा. १९७४ च्या ओपनपासून त्या स्पर्धेत मोठा चेंडू सक्तीचा झाला आणि १९९० मध्ये लहान चेंडू सगळीकडेच बाद झाला. आजोबांच्या बॅगेत सापडला तर जपून ठेवा, स्पर्धेत काढू नका.

सरळच जाणारा चेंडू मिळतो म्हणे?

मिळायचा. १९७० च्या दशकात पोलारा नावाचा चेंडू निघाला. त्याच्या खळ्या सगळीकडे सारख्या नव्हत्या. ठरावीक दिशेने ठेवून मारला की तो स्लाइस आणि हूक (स्लाइसच्या उलट बाजूला वळणं) कमी करायचा. त्यामुळे १९८१ मध्ये, चेंडू कसाही ठेवला तरी सारखाच उडला पाहिजे, असा नियम झाला. प्रकरण कोर्टात गेलं आणि पुढे तडजोडीने मिटलं. आज नियमात बसणारा कुठलाही चेंडू तुमची स्लाइस घालवणार नाही. कमी फिरकीचा चेंडू ती थोडी कमी करेल, पण ग्रीनवर थांबणारही नाही. ते पैसे कोचला द्या.

चेंडूचं अंतर कमी करणार आहेत, हे खरं का?

डिसेंबर २०२३ मध्ये आर अँड ए आणि यूएसजीए (तशीच अमेरिकेतली संस्था) यांनी तसा निर्णय जाहीर केला. आताच्या चाचणीत क्लबचा वेग ताशी १२० मैल ठेवून मारलेला चेंडू ३१७ यार्ड आणि ३ यार्डांची सूट यांपलीकडे जाता कामा नये. नव्या चाचणीत अंतराची मर्यादा तीच, पण वेग १२५ मैल. सगळ्यात लांब मारणाऱ्यांचे १३ ते १५ यार्ड जातील आणि आपल्यासारख्यांचे पाचपेक्षा कमी, असा त्यांचाच अंदाज होता. मला हा निर्णय योग्य वाटतो. मैदानं किती लांबवत न्यायची? जमीन आणि पाणी दोन्ही मर्यादित आहेत. आपण मात्र त्या धास्तीने आत्ताच डझनावारी चेंडू साठवायची काही गरज नाही.

मी नुकतीच सुरुवात केली आहे. कोणता चेंडू घेऊ?

टू-पीस, आयोनोमर कवचाचा, नावाजलेल्या कंपनीचा. फेरीमागे चार-पाच चेंडू झाडीत जात असतील तर युरेथेनच्या डझनाला दुप्पट-अडीचपट पैसे घालण्यात अर्थ नाही. पण एक करा: दर वेळी तोच मॉडेल घ्या. आज सापडलेला, उद्या मित्राने दिलेला, परवा बॅगेच्या तळाशी मिळालेला असं केलंत, तर चिप (ग्रीनजवळून मारलेला छोटा, बुटका फटका) लांब गेली ती हातामुळे की चेंडूमुळे, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

थोडं बरं खेळू लागल्यावर निवड कशी करायची?

ग्रीनपासून सुरुवात करा आणि मागे मागे टीकडे या. बहुतेक जण ड्रायव्हिंग रेंजवर (लांब फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर) जाऊन उलटं करतात. मध्यम वेगाने मारणाऱ्याला ड्रायव्हरवर दोन चांगल्या चेंडूंत काही यार्डांचाच फरक दिसतो. ग्रीनजवळ तोच फरक पावलांत दिसतो. शिवाय रेंजवरचे चेंडू वेगळेच असतात, त्यांच्यावरून काहीच ठरवू नका.

मी स्वतः केलं ते सांगतो. दोन मॉडेलचे तीन-तीन चेंडू घेतले, एकावर निळा ठिपका, दुसऱ्यावर लाल. सकाळी साडेसहा, सरावाच्या ग्रीनवर अजून दव होतं. पंचवीस पावलांवरून, त्याच वेजने, आळीपाळीने सहा पिच (चिपपेक्षा उंच जाणारे छोटे फटके) मारले. दवामुळे प्रत्येक चेंडूचा माग गवतावर काळसर रेघेसारखा स्पष्ट उमटला. निळे, म्हणजे युरेथेनचे, एक मोठी उडी, एक छोटी, आणि मग कुणी लगाम खेचल्यासारखे उभे. लालांची रेघ त्यापुढे तीन पावलं गेलेली. आमच्या म्हाताऱ्या कॅडीमामांनी दोन्ही रेघांवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "साहेब, लाल वाईट नाही. फक्त त्याला आधी उतरवावा लागेल." माझ्या मते एवढ्या थोडक्यात हे कुणीच सांगितलेलं नाही. कमी फिरकीच्या चेंडूनेही उत्तम खेळता येतं, पण तो कुठे पडून किती घरंगळतो हे हाताला ठाऊक हवं, आणि त्यासाठी तो रोज तोच हवा.

पिचनंतर दहा पावलांवरून चिप, मग पट. पटला आवाज आणि स्पर्श महत्त्वाचा. काहींना टणक 'टक' आवाज आवडतो, काहींना मऊ. इथे तुमच्या मनाला जे बरं वाटेल ते बरोबर. त्यानंतर मैदानावर सात नंबरच्या आयर्नने (मधल्या अंतराच्या क्लबने) ग्रीनवर दोन-चार फटके मारून चेंडू किती उंचावरून पडतो आणि किती पुढे जातो ते पाहा. ड्रायव्हर शेवटी. तिथे फार मोठा तोटा दिसला नाही, तर ग्रीनने जो निकाल दिला तोच पक्का धरा.

कॉम्प्रेशन म्हणजे काय? माझ्या वेगाला जुळणारं घ्यावं का?

चेंडू किती दबतो त्याचं ते माप. मऊ चेंडू तीस-चाळीसच्या आसपास, टणक शंभरच्या जवळ. "हळू मारता, मग कमी कॉम्प्रेशन घ्या" हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो, पण तो अर्धाच खरा आहे. चेंडू कुणाच्याही फटक्याने दबतोच. मऊ चेंडू हाताला मऊ लागतो, साधारणतः कमी फिरतो, आणि जोरात मारणाऱ्याच्या हातात थोडा मंदावतो. म्हणून कॉम्प्रेशनकडे स्पर्शाची आवड म्हणून बघा. 'लेडीज' किंवा 'सीनियर' असं लिहिलेल्या चेंडूंनाही हेच लागू. माझ्या ओळखीच्या एक काकू साठीनंतरही युरेथेनच वापरतात, आणि त्यांची चिप आमच्या सगळ्यांपेक्षा जवळ थांबते.

पुण्यात चेंडू मुंबईपेक्षा लांब जातो का?

हो, थोडासा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, हवा किंचित विरळ. दोनशे यार्डांच्या फटक्याला चारेक यार्ड जास्त मिळतात. मुंबईत चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबात खेळायला जाल तेव्हा एवढं धरून क्लब निवडा.

थंडी याच्या उलट. डिसेंबरच्या पहाटे हवा जड असते आणि चेंडूचं रबरही आखडतं, त्यामुळे मे महिन्यापेक्षा अंतर कमी भरतं. चेंडू खिशात ठेवा, बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात नको. मुद्दाम तापवून खेळणं नियमाबाहेर आहे.

पावसाळ्यात घरंगळणं जवळपास बंद होतं. क्लबचं तोंड ओलं असेल तर वेजची फिरकी खूप कमी होते, तेव्हा प्रत्येक फटक्याआधी तोंड आणि खाचा पुसा. चेंडूच्या एका बाजूला चिखल असेल तर चेंडू बहुधा चिखलाच्या विरुद्ध बाजूला जातो. प्रिफर्ड लाइज (चेंडू उचलून पुसायची सूट देणारा स्थानिक नियम) लागू असतील तर उचला, पुसा, ठेवा. पिवळा किंवा केशरी चेंडू या दिवसांत सोन्यासारखा आहे. शोधायला २०१९ पासून तीनच मिनिटं मिळतात, आणि आषाढातल्या वाढलेल्या गवतात ती पुरत नाहीत.

तळ्यातून काढलेले चेंडू घ्यावेत का?

सरावाला जरूर. पाण्यात किती दिवस होते हे कळायला मार्ग नसतो, आणि फार दिवस राहिलेल्या चेंडूत पाणी शिरून त्याची उसळी मंदावते. नुसते धुतलेले चेंडू घ्या. नवा रंग आणि नवा छाप मारून विकलेले टाळा, कारण रंगाच्या थराने खळ्या भरतात आणि खाली काय दडलंय ते दिसत नाही.

हरवलेल्या चेंडूंची दुसरी बाजूही आहे. कॅलिफोर्नियात पेबल बीचजवळच्या समुद्रातून एका शाळकरी मुलीने आणि तिच्या सोबत्यांनी पन्नास हजारांहून जास्त चेंडू बाहेर काढले. त्यावरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. कवच झिजून त्याचा चुरा समुद्रात जातो. तळ्याच्या काठावर जुना चेंडू काढून "गेला तर गेला" म्हणत मारण्याआधी हे आठवा.

चेंडूवरचा १, २, ३, ४ आकडा कशाचा?

फक्त ओळखीचा. दोघांकडे एकच मॉडेल असेल तर गोंधळ नको म्हणून. तरी आपली खूण करा. मी दोन निळे ठिपके देतो. चुकीचा चेंडू मारला तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून खेळायच्या प्रकारात) दोन फटक्यांचा दंड आहे.

एक चेंडू किती दिवस वापरावा? फुटला तर?

नखाने ओरखडा जाणवला की तो चेंडू सरावाच्या पिशवीत टाका. स्पर्धेत होल सुरू असताना चेंडू चिरला किंवा भेगाळला तर बदलता येतो, नुसता खरचटला किंवा रंग उडाला तर नाही. फटक्यानंतर चेंडूचे तुकडेच झाले तर तो फटका धरत नाहीत, त्याच जागेवरून दुसरा चेंडू मारायचा. गट्टीच्या काळात असं वारंवार व्हायचं, आणि तेव्हाचा नियम होता की सगळ्यात मोठा तुकडा जिथे पडेल तिथून पुढे खेळा.

गोल्फचा चेंडू परवडत नसेल तर?

चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सीच्या आसपासच्या वस्तीतली कॅडी मंडळी आणि मुलं याचं उत्तर रोज देतात. वाकवलेली लोखंडी सळी हा क्लब आणि प्लास्टिकचा हलका चेंडू. दोन घरांमधली बोळ हा फेअरवे. त्यांच्यातले काही जण दिवसा क्लबात इतरांच्या बॅगा वाहतात आणि फुरसतीत आपल्या गल्लीत होलकडे चिप मारतात. पत्रा, गटार, दोरीवरचे कपडे यांतून हलका चेंडू नेमका काढायचा तर मनगट फार शांत लागतं.